दोन जावई, एक काटा

मनीषनगर, नागपूर
५ ऑगस्ट २०२३

आदरणीय रुपरावजी यांस,
सादर नमस्कार.

गेल्या रविवारी महाल भागातल्या आपल्या सासुरवाडीला धोंड्याचे जेवण झाले, आपण दोघे काट्याच्या पारड्यांतून उतरलो, आणि तुम्ही माझ्या कानाशी येऊन म्हणालात, "सर, आता काहून थांबायचं? डॉक्टर म्हणून राहिला तं करून टाकू." दोघी बहिणी शेजारीच उभ्या असल्यामुळे मी उत्तर दिले नाही. फोनवर तर हा विषय नकोच. तुमच्या फोनवरचा शब्द कौशल्याताईंकडून माझ्या अपेक्षाकडे पोचायला एक कप चहा पुरतो. शिवाय मला जे सांगायचे आहे ते नीट मांडून सांगायचे आहे, म्हणून हे पत्र.

एक गोष्ट आधी लिहितो. दर अधिक महिन्यात सासूबाई जावयांच्या वजनाचा गूळ देवळात देतात, आणि मामाजींनी जन्मभर धान्याचा व्यापार केल्यामुळे काटा खरा आहे याची खात्री करून घेतल्याशिवाय ते चिमूटभर हळदही तोलत नाहीत. खात्रीसाठी दोन सारखी वजने लागतात. त्यांच्या हाताशी असलेली सारखी वजने म्हणजे आपण दोघे साडू! समोरासमोरच्या पारड्यांत बसायचे, दांडी आडवी स्थिर झाली की मामाजी टाळी वाजवून म्हणणार, "काटा बरोबर आहे, आणा गूळ." मला तो क्षण फार आवडतो. त्या घरात मी धाकटा जावई आहे, पण त्या क्षणापुरता तुमच्या बरोबरीचा असतो.

आता मुख्य मुद्दा. धंतोलीतल्या डॉक्टरांनी आपल्याला एकाच आठवड्यात एकच सल्ला दिला : जठराचा मोठा भाग काढून उरलेल्याची अरुंद नळी करायची. तुमचा श्वास झोपेत अडतो, आणि माझी साखर इन्सुलिनलाही जुमानत नाही. ती अशीच राहिली तर पाय किंवा मूत्रपिंड, यांपैकी काहीतरी जाईल, असे त्यांनी मला स्पष्ट सांगितले. म्हणजे प्रश्न गंभीर आहे. म्हणूनच "बहुतेकांना यश येते" या वाक्यावर मी विसंबू शकत नाही. यश म्हणजे नेमके काय, हा पहिला प्रश्न.

उदाहरण घेऊ. आपल्या दोघांचेही वजन एकशे तीस आहे. आपल्या उंचीला सत्तर शोभते. म्हणजे जादा वजन साठ. त्या साठातले निम्मे, म्हणजे तीस, उतरले आणि उतरलेले राहिले, की वैद्यकीय अहवालांत ती शस्त्रक्रिया बहुधा यशस्वी गणली जाते. ध्यानात घ्या, शंभर किलोचा माणूससुद्धा यशस्वी! व्याख्या किती गमतीदार असू शकते पाहा. यात खोटे काहीच नाही, परंतु लोक 'यश' हा शब्द ऐकून सत्तर किलोचा माणूस डोळ्यांसमोर आणतात.

असे आणखी पुष्कळ आहे. मला दिवाळीपर्यंत अवधी द्या. मी अहवाल वाचतो, तुम्हाला समजावतो, आणि मग निर्णय होईल तो दोघांचा एकत्र होईल. जायचे तर एका दिवशी जाऊ. तोवर आपण काही करणार नाही, असा आपला शब्द समजतो.

आपला,
स्वानंद


काटोल
२ नोव्हेंबर २०२३

स्वानंदराव, रामराम.

मी बोलतो तसंच लिहितो, तुमच्यासारखं बांधून लिहिता येत नाही. तुमचं पत्र मी दवाखान्यात सोबत नेलं होतं. तिथं खाटेवर पुन्हा वाचलं आन् हासू आलं तं टाके दुखले.

हाव, करून टाकलं. रागावू नका. दिवाळीले संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड असते, मंग मले दोन महिने बागेतून हलता येत नाही. आन् पितृपक्षात कोणी आपखुशीनं ऑपरेशन करत नाही, म्हणून डॉक्टरकडं जागा रिकामी होती. कौशल्या म्हणे, "अवो, पितर पाहून राहिले वरून!" मी म्हणलं, पाहू दे, त्याईच्याच जेवणावळीनं हे पोट वाढलं.

तुमाले सांगतलं नाही, कारण तुमी आकडे सांगतले असते आन् मी भेलो असतो. तुमचे आकडे लय ताकदीचे राहतात. मले झोपेत मराचं नव्हतं, बस.

आता चमच्या-चमच्यानं वरणाचं पाणी पिऊन राहिलो. पण रात्रभर झोपतो. कौशल्या उठून उठून माहा श्वास पाहत होती, ते बंद झालं. तुमीबी करून टाका सर. मी पुढं गेलो तं काय झालं, वाट तं दिसली ना?

तुमचा,
रुपराव


मनीषनगर, नागपूर
२८ नोव्हेंबर २०२३

आदरणीय रुपरावजी यांस,
सादर नमस्कार.

तुमचे अभिनंदन करणे माझे कर्तव्य आहे आणि ते मी या वाक्यात पार पाडतो.

भाऊबीजेला महालात तुम्ही आलात तेव्हा सासूबाईंनी दारातच तुमची मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. मी तुमच्या मागेच उभा होतो. मीठ-मोहऱ्या संपल्या होत्या. अपेक्षाने तुमचे दोन फोटो, आधीचा आणि आताचा, शेजारी शेजारी लावून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकले. त्यातला आधीचा फोटो आपल्या दोघांचा होता. तिने तो मधोमध कापला. कापून टाकलेला भाग कोणाचा, हे सांगायला नको.

असो. मी तुमच्या काळजीपोटी दोन गोष्टी समजावू इच्छितो.

पहिली, काळाची. शस्त्रक्रियेनंतर वजनाचा आलेख वर्ष-दीड वर्ष झपाट्याने उतरतो. मग तो सपाट होतो. त्यानंतर बऱ्याच जणांच्या बाबतीत तो हळूहळू वर वळतो, आणि चार-पाच वर्षांत शंभरातल्या वीस-पंचवीस जणांना उतरलेल्यापैकी मोठा वाटा परत मिळतो. वेगवेगळ्या अहवालांत हा आकडा कमीजास्त आहे, कारण 'मोठा वाटा' कशाला म्हणायचे यावर एकमत नाही. तात्पर्य, दिवाळीत काढलेला फोटो हा निकाल नव्हे.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे, आणि शिकवताना मला हिचा नेहमीच आनंद होतो. पाच वर्षांनी तपासणीला जे येतात त्यांचीच सरासरी अहवालात निघते. जे येत नाहीत त्यांचे काय? त्यांना वगळतात. पण ते का येत नाहीत? ज्याचे वजन पुन्हा वाढले त्याला वजनकाट्यावर उभे राहायची लाज वाटते. म्हणजे अपयश स्वतःच्या पायांनी आकडेवारीतून निघून जाते, आणि मागे उरते ती यशाची टक्केवारी! किती सुंदर सापळा आहे पाहा.

म्हणून माझा प्रस्ताव असा : पुढचा अधिक महिना २०२६च्या उन्हाळ्यात येतो. खरा निकाल त्या दिवशी मामाजींच्या काट्यावर पाहू. तोवर मी माझा निर्णय राखून ठेवतो.

आपला,
स्वानंद


काटोल
२० मे २०२४

स्वानंदराव, रामराम.

परवा उमरेडले नात्यातल्या गोपिकाच्या लग्नात तुमी माह्याशी बोललेच नाही. मी पंगतीच्या समोर उभा होतो, तुमी मान वर केली नाही.

मी शर्ट खोचून आलो होतो, पाहिला का? चौऱ्याऐंशी किलो झालो. मोटारसायकलवर बसतो तं मांगं कौशल्याले जागा राहते. मुनीम म्हणे, मालक, तुमची सावली अर्धी झाली. मलेबी थोडी साखर होती, तिच्या गोळ्या डॉक्टरनं बंद केल्या. नवरदेवाच्या मामानं मले विचारलं, तुमी नवरीचे मोठे भाऊ काय? कौशल्या दोन दिवस गालातल्या गालात हासून राहिली.

एक सांगतो. तुमी आमरसात मांडे बुडवून खाऊन राहिले होते. एक संपला की दुसरा. वाढणारा पुढं सरकत नव्हता. तुमच्या पानाकडं पाहून मले कसंतरीच झालं. म्हणून मी तिथून निघून गेलो.

करून टाका ना सर. कायले वाट पाहता?

रुपराव


मनीषनगर, नागपूर
१० जून २०२४

श्री. रुपरावजी यांस,
नमस्कार.

माझ्या पानाकडे पाहून तुम्हाला 'कसंतरीच' झाले, हे कळवल्याबद्दल आभारी आहे. वर्षभरापूर्वी तुम्ही त्याच पंगतीत माझ्या शेजारी बसून माझ्याइतकेच मांडे संपवले असते. कीव करण्यासाठी माणसाला फार उंचीवर जावे लागत नाही. चौऱ्याऐंशी किलो पुरतात.

मी शस्त्रक्रियेचा विचार सोडला आहे. डॉक्टर नाराज झाले, अपेक्षा रडली. मी दोघांना समजावले की इच्छाशक्तीने उतरवलेले वजन आणि कापून उतरवलेले वजन यांत गुणात्मक फरक असतो. रोज पहाटे मिहानच्या रुंद रस्त्यावर चालायला जातो. भात सोडला. सहा किलो उतरले आहेत. हेही एक संशोधनच समजा.

तुलनेसाठी तुमचे वजन दर तीन महिन्यांनी कळवावे. आकडा प्रामाणिक असावा, एवढीच अपेक्षा.

स्वानंद


मनीषनगर, नागपूर
१९ ऑगस्ट २०२५

श्री. रुपरावजी यांस,
नमस्कार.

वर्ष उलटले, तुमच्याकडून एकही आकडा आला नाही. राखीला कौशल्याताई एकट्याच आल्या. तुम्हाला बागेत काम आहे म्हणाल्या. पावसाळ्यात, ऐन राखीच्या दिवशी, कोणते काम निघते ते मला माहीत नाही.

तुम्ही सत्तरच्या आसपास असाल, असा माझा अंदाज आहे. यशस्वी माणसांना पत्रे लिहायला वेळ मिळत नाही.

माझे ठीक चालले आहे. बूट चावल्यामुळे उजव्या पायाला थोडे लागले आहे, म्हणून चालणे तूर्त बंद आहे.

स्वानंद


काटोल
१४ डिसेंबर २०२५

स्वानंदराव, रामराम.

तुमची दोन्ही पत्रं कपाटावर ठेवून होतो. उत्तर लिहाले बसलो की पेन थांबे. आज लिहितो.

मी शहाण्णव झालो. चौऱ्याऐंशीचा शहाण्णव. शर्ट पुन्हा बाहेर काढला. तुमी लिहिलं होतं ना, वजन वाढलेला माणूस तपासणीले जात नाही? तो मी. डॉक्टरकडून फोन आला की कौशल्याले सांगतो, सांग, बागेत गेले. राखीले महालात आलो नाही तेबी त्याच्यासाठीच. मामी दारातच दृष्ट काढाले आली असती, मंग मी काय तोंड दाखवलं असतं?

कसं झालं सांगू? जेवण जात नाही, अर्धी पोळी झाली की छातीत अडकते. पण पातळ कितीबी जाते. व्यापारी आले की गुळाचा चहा. दुपारी संत्र्याचा रस, तो तं घरचाच. संध्याकाळी रबडी, बासुंदी, हळूहळू, घोट घोट. कोणाले दिसत नाही. पंगतीत मी उपाशी दिसतो आन् बागेतल्या खोलीत पीत बसतो.

आन् त्या लग्नातलं. तुमी मले काय काय लिहिलं! अवो, मले तुमची कीव नाही आली, हेवा वाटला हेवा! तुमी मांडा तोडत होते, रसात बुडवत होते, डोळे मिटत होते. मी तिथं उभा राहून लाळ गिळून राहिलो होतो. लोक मले म्हणत, वा रुपराव, काय दिसता! आन् मी तुमच्या पानाकडं पाहत होतो. मले वाटलं, हा माणूस सुखी आहे, म्हणून माह्याशी बोलत नाही.

आता धोंडा येईल. मामाजी काटा काढतील. तुमी म्हणत होते तसाच निकाल लागला, तुमी जिंकले. एवढंच करा, सगळ्याईसमोर आकडे समजावू नका.

रुपराव


मनीषनगर, नागपूर
४ जानेवारी २०२६

आदरणीय रुपरावजी यांस,
सादर नमस्कार.

तुमचे पत्र वाचून मला प्रथम आनंद झाला. हे लिहिल्यावाचून पुढचे गणित प्रामाणिक राहणार नाही. मी पत्र टेबलावर ठेवले, अपेक्षाला चहा करायला सांगितला, आणि तुम्हाला 'अपयशी' या रकान्यात नोंदवण्यासाठी वही उघडली.

आता गणित पाहा. मूळ वजन एकशे तीस, शोभणारे सत्तर, जादा साठ. सध्याचे शहाण्णव. म्हणजे उतरलेले चौतीस. साठाचे निम्मे तीस. चौतीस हे तिसांपेक्षा जास्त आहेत.

मी पुन्हा केले. मग उंचीचे कोष्टक बदलून पाहिले. उत्तर तेच आले. मला हवे होते ते आले नाही. रुपरावजी, ज्या व्याख्येला मी हसलो होतो त्याच व्याख्येने तुम्ही आजही यशस्वी आहात, आणि तुमच्या साखरेच्या गोळ्या परत सुरू झाल्याचे तुम्ही कुठेही लिहिलेले नाही. म्हणजे त्या बंदच आहेत, असे मी धरतो.

पातळाचे कोडे सोपे आहे, आणि त्यात तुमचा दुबळेपणा कमी, नळीची रचना जास्त. घन अन्न अरुंद नळीत थांबते, भिंती ताणल्या जातात, पोट भरल्याचा निरोप मेंदूला जातो. पातळ पदार्थ थांबतच नाही, तो वाहून जातो, निरोप जातच नाही. रबडीला अडवणारे दारच तुमच्या पोटात नाही, असे समजा. शस्त्रक्रियेनंतर वजन वाढण्याचे हे एक ओळखीचे कारण आहे, आणि तपासणीला गेलात तर आहारतज्ज्ञ तुम्हाला पहिल्या पाच मिनिटांत हेच सांगेल. म्हणून तपासणीला जा. लाजून आकडेवारीतून निघून जाऊ नका.

आता राहिला एक मुद्दा. कोणत्याही उपायाच्या अपयशाचे प्रमाण एकटे सांगून भागत नाही. तो उपाय न करणाऱ्यांचे काय झाले, ते शेजारी मांडावे लागते. कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना मी हे शिकवतो. तुम्हाला लिहिलेल्या एकाही पत्रात मी ती शेजारची ओळ लिहिली नाही. आज लिहितो. त्या गटात मी एकटाच आहे. एकशे तीसचे एकशे चोवीस झाले, मग एकशे बत्तीस. इन्सुलिन वाढले. आणि बूट चावला नव्हता. जखम भरली नाही. ऑगस्ट संपता संपता उजव्या पायाची करंगळी काढावी लागली. अपेक्षाने हे स्वतःच्या बहिणीलाही सांगितलेले नाही. मी तिला तशी शपथ घातली होती, आणि बहिणीबहिणींत शब्द एका कप चहात पोचतो असे मी तुम्हाला लिहिले होते, ते चुकीचे ठरले.

तुम्ही त्या पंगतीत उभे होतात तेव्हा मी डोळे मिटून खात होतो, ते बरोबर. समोर खोचलेला शर्ट दिसत होता, म्हणून मिटले होते.

आपला,
स्वानंद


मनीषनगर, नागपूर
३ जून २०२६

आदरणीय रुपरावजी यांस,
सादर नमस्कार.

रविवारी महालात भोवती इतकी माणसे होती की आपल्याला एक वाक्यही धड बोलता आले नाही. म्हणून पुन्हा कागदच.

मामाजींची नजर अधू झाली आहे, तरी रीत सुटलेली नाही. "आधी काटा पाहू द्या," म्हणाले आणि आपल्याला समोरासमोर बसवले. माझे पारडे धाडकन जमिनीला टेकले आणि तुम्ही वर गेलात, पाय हवेत. सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. वरून माझ्या पायाकडे, मोज्याच्या रिकाम्या कोपऱ्याकडे पाहत होतात, ते मला दिसले. मामाजींनी दांडी चाचपली, आणि भर दिवाणखान्यात सासूबाईंना हाक मारत निकाल दिला : "काटा बिघडला! जवाई तं सारखेच आहेत. वं प्रयाग, कोणाले तरी बोलव, काटा दुरुस्त कराले!"

सासूबाईंनी कितीही समजावले तरी त्यांना पटेना. दोन जावई सारखे, हे त्यांचे गृहीत. त्याच्याविरुद्ध पुरावा आला, तेव्हा त्यांनी पुरावा देणारे यंत्र दुरुस्तीला पाठवले. इतरांना त्याचे हसू येत होते. मला आले नाही. तीन वर्षे मी तेच करत होतो, तेही वह्या भरभरून.

शेवटी तुमच्या पारड्यात सासूबाईंनी गुळाच्या भेल्या ठेवल्या, एकेक करून, दांडी आडवी होईपर्यंत. तो ढीग मी डोळे भरून पाहिला. आपल्या दोघांमधला सगळा फरक तिथे गुळाच्या रूपात होता, त्याला कोणतीच व्याख्या लागत नव्हती.

मी धंतोलीत तारीख घेतली आहे, जूनअखेरची. शस्त्रक्रियेआधी दोन आठवडे फक्त पातळ आहार असतो. यकृताची सूज उतरते आणि शल्यविशारदाला जागा मिळते. तो सोमवारपासून, पंधरा तारखेला सुरू करीन. मृत्यूचा धोका हजारात एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी आहे, आणि मी न करण्याचा धोका मोजून पाहिला आहे. तुम्ही फेब्रुवारीपासून पुन्हा तपासणीला जाता, चहा बिनगुळाचा घेता, हे कौशल्याताईंकडून कळले. पुढची तारीख माझ्या तारखेला जोडून घ्या. दोघे एकाच बाकावर बसू.

माझी एकच मागणी आहे. देवाने मला तुमच्यापेक्षा एक किलो तरी जास्त उतरवू द्यावे. बाकी सर्व त्याच्या इच्छेवर सोडले आहे.

आपला,
स्वानंद


काटोल
८ जून २०२६

सर, रामराम.

एक किलो कायले, दोन घ्या. पण मीबी आता चहाचा कप मोजूनच घेऊन राहिलो, तवा सांभाळून.

एक ऐका. सोमवारी तुमचं पातळ सुरू होईल. मंग तुमचं जेवण माह्यासारखंच, पाखरावानी. त्याच्या आधी, धोंडा संपाच्या आत, येत्या रविवारी काटोलले या. अपेक्षाले घेऊन या, इन्सुलिनची सुई घेऊन या, अपेक्षा जेवढं म्हणीन तेवढंच खा. कौशल्या मांडे करणार. आंबे गावरान आहेत, रस मी सोता काढतो.

मी समोर बसीन, काही घेणार नाही. तुमी फक्त डोळे मिटून खा, त्या लग्नात खाल्लं तसं. शर्ट खोचत नाही मी त्या दिवशी. मले एक डाव पोटभर पाहू द्या सर. तुमचंबी ऑपरेशन झाल्यावर कोणाच्या पानाचा हेवा करू मी?

तुमचा,
रुपराव